आमच्या शाळेत पाणी एकशे चारला उकळलं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘माझे आदर्श विद्यार्थी’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, साहेब, आदर्श विद्यार्थी माझ्या वर्गात फारसे टिकले नाहीत. जे होते ते थंडीच्या दिवसांत माझ्या तासाला हमखास डुलक्या घेत असायचे, कारण आमच्याकडे हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. अख्ख्या गावाने रात्रभर नाटक पाहिल्यावर सकाळी पहिल्या तासाला गतीचे नियम काय करणार? पोरंच काय, फळ्यावर लिहिता लिहिता मीसुद्धा जांभया द्यायची. संपादक म्हणाले, मग बाई, जे घडलं तेच लिहा. आता हेच तर मी जन्मभर पोरांना सांगत आले, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही.

मी वडशाची. माझे अब्बा वडशाला घड्याळं दुरुस्त करायचे. मी मात्र एसटीने तासाभरावर असलेल्या एका धानाच्या गावात, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले निम्मे लोक अजून मला बाजारात भेटतात आणि उरलेल्या निम्म्यांचे जावई वडशाला आहेत. पोरं मला शेख बाई म्हणायची, पालकही शेख बाईच म्हणायचे. माझं स्वतःचं नाव त्या गावात कुणाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

विज्ञान शिकवायचं म्हणजे काय करायचं, ते आधी बाहेरच्यांना सांगायला हवं. पुस्तकात प्रयोग छापलेला असायचा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी त्याची चार अंगं. बाईंनी फळ्यावर काचेच्या पात्राचं चित्र काढायचं, खाली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत काढायची, पिवळा खडू शिल्लक असला तर पिवळी, आणि पोरांनी ते उतरवून घ्यायचं. निरीक्षण मीच सांगायची, अनुमानही मीच. पोरांनी डोळ्यांनी काही पाहिलेलं नसायचं, पण निरीक्षण मात्र सगळ्या वर्गाचं एकसारखं यायचं, एका वेलांटीचाही फरक नाही. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

मग नव्वदच्या दशकात अभ्यासक्रम बदलला. नवं पुस्तक आलं. त्यात पानोपानी चौकटी होत्या: ‘करून पाहा’, ‘निरीक्षण करा’, ‘चर्चा करा’. आम्हा शिक्षकांना तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. मुलांना नुसतं ऐकवू नका, त्यांना स्वतःच्या हातांनी करू द्या, हे आम्हाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं ऐकवण्यात आलं. तज्ज्ञ साहेब कागदावरून वाचत होते. मधल्या सुट्टीत चहा-बिस्किट मिळालं, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात आमच्या हातांनी झालेली कृती तेवढीच.

राजुऱ्याकडून बदलून आलेले एक गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. ते उठून म्हणाले, “साहेब, अन् प्रयोग फसला तं?”

साहेबांनी कागद उलटसुलट केला. त्यात ते नव्हतं. “नीट केला तर फसणार नाही,” ते म्हणाले आणि पुढचा मुद्दा वाचू लागले.

गुरुजी खाली बसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मंग आमच्याच शाळेत काऊन फसते, बाई?”

पुस्तकापाठोपाठ शाळेत विज्ञानाची पेटी आली. लाकडी, कडीकोयंड्याची, आत काचेची भांडी, भिंगं, लोहचुंबक, थर्मामीटर. आमचे हेडमास्तर लांजेवार सर पेटी बघून इतके खूश झाले की त्यांनी ती तिथल्या तिथे कपाटात कुलूप लावून ठेवली. वरच्या कप्प्यात झेंडा, मधल्यात कबड्डीचा कप, खालच्यात विज्ञान. मी किल्ली मागायला गेले की ते विचारायचे, “बाई, फुटलं तं भरन कोण?”

“सर, वापरायसाठीच दिलंय ना सरकारनं?”

“वापरायले दिलं, फोडाले नाई दिलं.”

माणूस वाईट नव्हता. मुलांवर जीव होता, फक्त काचेवर जास्त होता. शेवटी असं ठरलं की पेटी उघडताना ते स्वतः समोर बसतील. त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रयोगाला हेडमास्तर हजर असायचे आणि कुणी पात्र उचललं की त्यांचा श्वास अडकायचा. इतकी काळजी घेऊनही वर्षभरात थर्मामीटर एकच शिल्लक राहिला. त्याचंही वरचं टोक टवकलेलं होतं, म्हणून मी त्यावर मेणबत्तीचं मेण चढवून दिलं होतं.

पहिलंच ‘करून पाहा’ होतं मुगाला मोड आणण्याचं. ओल्या कापसावर मूग ठेवायचे आणि रोज काय दिसतं ते लिहायचं. आता वर्गातलं प्रत्येक पोर दर पावसाळ्यात धानाच्या बांदीत गुडघाभर चिखलात उतरून रोवणी करणारं. त्यांच्यासमोर मी कापसाच्या बोळ्यावर मूग मांडून ‘आता बघा हं गंमत’ म्हणत होते. मागच्या बाकावरून प्रमोद नावाचा आगाऊ पोरगा म्हणाला, “बाई, थे कापसावर काऊन पेरून राह्यल्या? बांदीत पेरा ना, आमच्या बांदीत लय जागा हाय.” वर्ग हसला, मीही हसले. दोन-तीन दिवसांत मोड आले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मूग गायब. प्रमोदने निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मोड गोड लागतात.’ मी त्याला पूर्ण गुण दिले. नव्या अभ्यासक्रमातलं माझ्या वर्गाचं पहिलं खरं निरीक्षण तेच होतं.

याच आठवीच्या वर्गात रंजू होती. सडपातळ, लाल रिबिनीचं टोक चघळत बसणारी आणि एकदा ‘काऊन’ म्हणाली की उत्तर मिळेपर्यंत खाली न बसणारी. जुन्या अभ्यासक्रमात अशा मुलीला आम्ही उद्धट म्हणत असू. नव्यात तिला जिज्ञासू म्हणायचं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. घरच्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी तिचे वडील परसरामभाऊ शाळेच्या पायरीवर येऊन बसले.

“बाई, तुमी माह्या पोरीले काय शिकोलं?”

“काऊन भाऊ, काय झालं?”

“मायले मनते, भातावर झाकण ठेव, सरपण कमी लागते. माय मनते, आजवर उघडाच शिजोला, कोणाचं का बिघडलं? झालं. दोघीजणी इरेले पेटल्या. दोन चुली मांडल्या. एका गंजावर झाकण, एकावर नाई. लाकडं मोजून राह्यल्या मायलेकी. अन् दोनी गंजातला भात मले खा लागून राह्यला.”

“मग जिंकलं कोण?”

“झाकणवाली जिकली. पण पोट तं माह्यं फुगलं ना, बाई!”

तक्रार करायला आलेला माणूस निघताना मात्र हळूच विचारून गेला, “ही अकरावीले सायन्सले चालन का?” मी म्हटलं, चालेल काय, पळेल. त्या गावातून तोवर एकही मुलगी अकरावी विज्ञानाला गेली नव्हती. वडशाच्या कॉलेजात विज्ञानाच्या जागा थोड्या होत्या आणि त्या दहावीच्या विज्ञानाच्या गुणांवर भरायच्या. परसरामभाऊंचं म्हणणं सरळ होतं. “सायन्स भेटलं तं धाडतो वडशाले, होस्टेलात ठेवतो. आर्टले नाई धाडत. गोष्टी सांगाले का वडशाले जा लागते? थ्या तं ही घरी बी सांगते.” तेव्हापासून रंजूला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं की सगळं विज्ञानाच्या गुणांवर अडलंय.

त्याच सुमारास पाणी उकळण्याचा प्रयोग आला. पाणी तापवायचं, थर्मामीटर धरायचा, उकळी फुटली की आकडा वाचायचा. एकेक जण आलं, वाकून बघितलं, वहीत लिहिलं. मी वह्या पाहिल्या तर सगळ्यांचं उत्तर शंभर. मला कौतुक वाटलं. मग मी स्वतः थर्मामीटर पाहिला. पारा शहाण्णववर होता आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हता.

“शंभर कुणी कुणी पाहिले?” मी विचारलं. सगळ्यांचे हात वर. हेडमास्तरांनीही अर्धा हात वर केला.

रंजूचा हात खाली होता. तिच्या वहीत शहाण्णव होतं. “बाई, लय वेळ पाह्यलं,” ती म्हणाली. “शहाण्णवच्या वर जाऊनच नाई राह्यलं.”

प्रमोद म्हणाला, “ए, पुस्तकात शंभर हाय.”

“मंग पुस्तक उकडव ना दिव्यावर.”

आता माझी पंचाईत झाली. पाणी चुकलं, की पुस्तक, की थर्मामीटर? यावर एकच उपाय होता. वितळणाऱ्या बर्फात थर्मामीटरने शून्य दाखवायला हवं. नाही दाखवलं तर दोष त्याचा. पण गावात बर्फ कुठून आणणार? सायकलवरून आइसकांडी विकणारा यायचा, त्याच्या कांडीत पाण्यापेक्षा रंग आणि साखर जास्त, ती चालणार नव्हती. शेवटी मी वडशाला मासळीबाजारातून बर्फाचा तुकडा घेतला, डब्यात धानाचं तूस भरलं, त्यात तो पुरला आणि सकाळची एसटी पकडली. डब्यातून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, “मॅडम, मासोरी आहे का?”

“नाही हो, विज्ञान आहे.”

“मंग खाली ठेवा,” तो म्हणाला, “सीट खराब होते.”

तूस झटकून बर्फ धुतला आणि ठेचला, तेव्हा थर्मामीटरने दाखवलं उणे चार. बर्फात चार कमी, उकळत्या पाण्यात चार कमी. अब्बांकडे लोक मागे पडणारी घड्याळं घेऊन यायचे, तेव्हा ते सांगायचे की रोज सारखंच मागे पडत असेल तर घड्याळ वाईट नाही, त्याची सवय तेवढी लक्षात ठेवा. मी वर्गाला तेच सांगितलं. आपला थर्मामीटर चार कमी दाखवतो, तेव्हा दिसेल त्यात चार मिळवायचे. पोरांना हे पटकन कळलं. धानाच्या मोसमात अडत्याच्या काट्यावर चढलं की बापाचं पोतं हलकं कसं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. प्रमोदने लगेच थर्मामीटरचं बारसं केलं. “हा तं अडत्या हाय बाई, चार खाते!” तेव्हापासून त्याला शाळेत अडत्या हेच नाव पडलं. लांजेवार सरसुद्धा कपाट उघडताना म्हणायचे, “घ्या बाई, तुमचा अडत्या. जपून.”

मी इतकी खूश होते की काय सांगू. चुकीच्या थर्मामीटरने बरोबर उत्तर काढणारा वर्ग मी तयार केला होता. पुढच्या प्रशिक्षणात साहेबांना ऐकवीन, असं मनाशी घोळवत मी दोन वर्षं काढली.

आणि मग या पोरांची दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली.

या परीक्षेची आमच्याकडची रीत सांगते. दुसऱ्या शाळेतले शिक्षक परीक्षक म्हणून येतात. त्यांनी प्रयोग बघायचे आणि वीसपैकी गुण द्यायचे. पण पाहुणा लांबून आलेला, उन्हातान्हाचा. म्हणून आमचे चपराशी मारोतीभाऊ सकाळपासून शाळेमागे तीन दगडांच्या चुलीवर गावरान कोंबडी शिजवायचे. प्रयोगशाळेची खिडकी नेमकी त्याच बाजूला. अकरा वाजले की मसाल्याचा वास आत यायचा आणि परीक्षकांचं गुण देणं सैल व्हायचं. आमच्या शाळेचा प्रात्यक्षिकाचा निकाल तालुक्यात नेहमी वर असायचा, आणि त्यात माझ्या शिकवण्याचा वाटा किती आणि मारोतीभाऊंच्या हाताचा किती, हे मी कधी तपासायला गेले नाही.

त्या वर्षीचे परीक्षक कॉलरमागे रुमाल खोचलेले, जाडजूड, हसतमुख गृहस्थ होते. रंजू आणि प्रमोद एकाच तुकडीत. चिठ्ठी निघाली पाणी कितीला उकळतं ते काढण्याची. मी मनात म्हटलं, अल्लाह मेहरबान. हा तर आपला घरचा प्रयोग. एकच पात्र, एकच दिवा, पोरांनी रांगेने यायचं, वाचायचं, कागदावर लिहायचं. मी निवांत खिडकीशी उभी राहिले.

थोड्या वेळाने परीक्षकांनी हाक मारली. “बाई, इकडे या. हे काय आहे?”

प्रमोदचा कागद होता. उत्तर: एकशे चार.

“हा दुसरा. एकशे चार. हाही एकशे चार. काय हो, पाण्याला ताप आला का तुमच्या गावात?”

मी धावत जाऊन थर्मामीटर पाहिला. पारा चक्क शंभरावर. टोकाला मेण नव्हतं. मी वळून लांजेवार सरांकडे पाहिलं, तर ते खिडकीतून मारोतीभाऊंच्या चुलीकडे फार लक्ष देऊन बघत होते.

“सर, अडत्या कुठं आहे?”

“कपाटात,” ते पुटपुटले. “पाहुण्यापुढं थो खोटा थर्मामीटर कसा ठेवू? शेजारच्या शाळेतून नवा मागून आणला.”

मी प्रमोदला विचारलं, “तुला दिसले किती?”

“शंभर.”

“मग चार कशाला मिळवलेस?”

“बाई, तुमीच तं सांगतल्या. चार मिळवा लागते.”

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. पूर्वी पोरं शहाण्णव बघून शंभर लिहायची. आता शंभर बघून एकशे चार लिहीत होती. पुस्तकाच्या जागी मी आले होते, एवढाच फरक. अभ्यासक्रम बदलला, पेटी आली, मी बर्फ घेऊन एसटीने फिरले, आणि पोरांनी माझा नवा अभ्यासक्रम जुन्याइतकाच चोख पाठ करून टाकला होता. मला फार वाईट वाटलं. आजही आठवलं की वाटतं.

परीक्षकांना मात्र असलं काही वाटलं नाही. खिडकीतून वास येत होता. त्यांनी पेन काढलं आणि एकेका कागदावरचे ते चार खोडून शंभर करत गेले. “जाऊ द्या, गरीब पोरं आहेत,” म्हणत सगळ्यांना वीसपैकी वीस. असं करत करत ते रंजूच्या कागदाशी येऊन थांबले. तिने निरीक्षणात शंभर लिहिलं होतं, आणि उत्तराच्या जागी, ‘सांगता येत नाही. थर्मामीटर तपासलेला नाही.’

“पोरी, दिसले किती?”

“शंभर, सर.”

“पुस्तकात किती?”

“शंभर.”

“मग उत्तर किती?”

“नाई मालूम, सर. हा थर्मामीटर आमचा नोहे. किती खाते, किती देते, कोणाले ठाऊक?”

परीक्षक हसले. त्यांनी आपलं पेन तिच्यापुढे धरलं. “लिही इथं शंभर. वीसपैकी वीस देतो.”

“तपासल्याबिगर कशी लिवू?”

दारातून मारोतीभाऊ डोकावले. “जेवण थंड होऊन राह्यलं, साहेब.” लांजेवार सर रंजूच्या मागे येऊन म्हणाले, “लिही अन् मोकळी हो माय. तुले वडशाले जायचं हाय ना?” रिबिनीचं टोक तिच्या तोंडात गेलं. परीक्षक माझ्याकडे वळले. “बाई, तुमची विद्यार्थिनी आहे. तुम्हीच सांगा तिला.”

मला परसरामभाऊ दिसत होते, होस्टेल दिसत होतं. एक शब्द लिहिला की सगळं मिळणार होतं, आणि तो शब्द बहुधा बरोबरही होता. पण रंजू माझ्याकडे बघत होती. तिला लिही म्हणायला माझी जीभ उचलेना.

“सर,” मी परीक्षकांना म्हटलं, “तुमच्या सरबतासाठी बर्फ आणलाय ना?”

“असेल. मग?”

“त्यातला थोडा द्या.”

परीक्षकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःच मारोतीभाऊंना हाक मारली. पाहुण्यासाठी सकाळीच वडशाच्या रसवंतीवाल्याकडून मागवलेला बर्फ आला. रंजूने तो फडक्यात गुंडाळून दगडाने ठेचला, ग्लासात भरला, थर्मामीटर पुसून गार होऊ दिला आणि ग्लासात ठेवला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. प्रमोदसुद्धा बाकावर चढून बघत होता. पारा उतरत उतरत एकवर आला आणि तिथेच थांबला. परीक्षकांनी चष्मा पुसला, बर्फ ढवळला, पुन्हा पाहिलं. एकच होतं.

रंजूने कागद ओढला आणि लिहिलं, ‘हा थर्मामीटर एक जास्त दाखवतो. म्हणून पाणी नव्याण्णवला उकळले.’

“अगं, पण पाणी शंभरला उकळतं!” परीक्षकांचा आवाज चढला.

“आज नाई उकडलं, सर.”

समुद्रसपाटीपासून उंचावरच्या गावांत, आणि हवेचा दाब उतरलेला असेल त्या दिवशी, पाणी शंभराच्या किंचित आधीच उकळतं, हे मी वाचलेलं होतं आणि परीक्षकांनीही वाचलेलं असणार. त्या क्षणी दोघांनाही आठवलं नाही. त्यांनी कागद हातात घेतला आणि गुण लिहिले: एकोणीस.

“एक डिग्री कमी, म्हणून एक मार्क कमी,” ते म्हणाले. “हिशेब बरोबर आहे.” आणि हात धुवायला गेले. सरबत त्यांनी कोमटच प्यालं, पण कोंबडीची तारीफ केली.

उन्हाळ्यात निकाल लागला, आणि मग वडशाच्या कॉलेजात विज्ञानाची पहिली यादी लागली. पुढे वेटिंगमधून रंजूला जागा मिळाली, परसरामभाऊंनी तिला पेटी-वळकटीसकट होस्टेलात नेऊन सोडलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण त्या सकाळी हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी, रंजू आणि परसरामभाऊ गर्दीत घुसून काचेमागची यादी वाचत होतो. शेवटचं नाव प्रमोदचं होतं. विज्ञानात त्याचा रंजूपेक्षा एक गुण जास्त होता. यादी तिथे संपत होती.

प्रमोदला मिळालं याचं मला वाईट वाटत नव्हतं, पोरगा हुशारच होता. पण रंजूकडे बघायची मला हिंमत होईना. परसरामभाऊंनी यादीवरून बोट खाली आणलं, पुन्हा वर नेलं आणि पुन्हा खाली आणलं.

“बाई,” ते म्हणाले, “त्या परीक्षेत या पोराचं किती आलं होतं?”

“एकशे चार.”

“अन् माह्या पोरीचं?”

“नव्याण्णव.”

“मंग खरं कोणाचं होतं?”

मी काही बोलायच्या आत रंजूच बोलली. डोळे भरलेले होते, पण आवाज ठणठणीत. “बाबा, पाणी नव्याण्णवलेच उकडलं. मी सोता पाह्यलं.”

परसरामभाऊंनी लेकीकडे पाहिलं, मग काचेकडे.

“मंग लिस्ट चुकली मना,” ते म्हणाले.